येळवशीला उघडं राहिलेलं पाळणाघर

पाळणाघर चालवायला माया लागते, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर आधी दोरी लागते. जाड, सुती, छताच्या कडीतून ओवली की न घसरणारी. मग स्वच्छ फरशी, दाराला आतून वर बसवलेली कडी, आणि रडणाऱ्या मुलाला घाबरणार नाही अशी एक मदतनीस. माया मागाहून येते, आणि न बोलावता येते.

आमच्याकडे मुलं झोळीत निजायची. सरकारकडून लोखंडी पाळणे आले होते, पण त्यांत एकही मूल डोळा मिटेना, तेव्हा त्यांत मी चादरी आणि खेळणी ठेवायला लागले. प्रत्येक मुलाची झोळी त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याची. नवी आई आली की मी तिला पहिल्याच दिवशी सांगायची, बाटली विसरलीस तरी चालेल, लुगडं विसरू नकोस; आणि धुऊन आणू नकोस, नेसलेलंच आण. बायका हसायच्या. पण आईच्या वासात मूल किती लवकर निजतं हे एकदा पाहिलं की त्या स्वतःच दुसऱ्यांना सांगायच्या.

हे पाळणाघर सरकारी अनुदानावर चालायचं. चालवणारं आमचं महिला मंडळ. माझं आणि मदतनीस अक्कांचं मानधन, मुलांचा खाऊ, औषधाची पेटी, खोलीचं भाडं हे सगळं अनुदानातून निघायचं. आया द्यायच्या ती फी नावापुरती. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात नाहीतर शिवणाच्या युनिटमध्ये काम करणाऱ्या बाईनं खासगी ठिकाणी मूल ठेवायचं म्हटलं, तर ती दिवसभर राबते ती त्या फीसाठीच. मग घरी बसलेलं काय वाईट, असा विचार तिच्या मनात येतो, नाहीतर घरचे तरी तो तिच्या मनात घालतात. ती बाई आणि तो विचार यांच्यामध्ये सरकारनं उभं राहायचं, एवढीच त्या योजनेची कल्पना. मला ती नेहमी फार शहाणपणाची वाटत आली. अजून वाटते.

अक्कलकोट तालुक्यातली एक मुलगी (मुलगीच म्हणायला हवं, माझ्या धाकट्या लेकीएवढी होती) आपल्या वर्षाच्या पोरीला घेऊन आली, तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलला काठ मारायच्या कामावर नुकती लागली होती. नवरा पुण्याकडे हॉटेलात कामाला. तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. सासू गावाकडे, शेरडं आणि थोडी कोरडवाहू जमीन सांभाळून. सासूनं सांगितलं होतं, पोरीला हितंच ठेव, मी बघते. हिनं ऐकलं नव्हतं.

"माझ्यापाशीच राहू दे की बाई," ती मला म्हणाली होती. "दिसभर तुमच्याकडं, रातच्याला माझ्याकडं. येवढंच पायजे मला."

एवढंच तिला हवं होतं. मी तिचं नाव लिहून घेतलं आणि लुगड्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती हिरवं इरकल घेऊन आली, चांगलं नवंच म्हणावं असं. अक्का ओरडल्या, "अगं हे लग्नातलं दिसतंय! जुनं आण म्हटलं होतं." तर ही म्हणते, "जुनं न्हायच की माझ्याकडं. लगीनच कालपरवा झालंय."

अक्कांना हसू आवरेना. अक्का पद्मशाली घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, आणि मराठी बोलताना सगळ्या जगाला एकाच सुरात दामटणाऱ्या. त्या पोरीला झोळीत घालताना तेलुगूत गाणं म्हणायच्या, पोरगी आईबरोबर कानडी-मराठी ऐकायची, आणि झोप मात्र तिला अगदी वेळेवर यायची. वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला ती तिन्ही भाषांत 'नको' म्हणायला शिकली होती.

त्या हिवाळ्यात निरोप आला की या महिन्यात सगळ्या पाळणाघरांची पाहणी होणार. कधी ते सांगत नाहीत. मी आयांची बैठक घेतली, आणि सरळ शब्दांत सांगितलं: महिनाभर एकही मूल गैरहजर नको. सर्दी असली तरी आणा, मी बघते. पाहुणे आले तरी आणा. सगळ्यांनी माना हलवल्या. व्हय बाई, आनतो की. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

आणि मग येळवस आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. आमच्या या पट्ट्यात, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीकडे, त्या दिवशी कुणी घरात थांबत नाही. सगळे शेतात. ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि दिवसभर भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आंबील प्यायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. सगळ्या शेंगाभाज्या बेसनात शिजवून केलेलं दाट कालवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. शहरात कामाला आलेली माणसंसुद्धा त्या दिवशी रजा टाकून, नाही मिळाली तर न सांगता, गावाकडे जातात. मुलं तर जातातच. तान्ही असली तरी जातात. त्या दिवशी मूल शेतात नेणं याला कुणी गैरहजर राहणं म्हणत नाही, जसं दिवाळीला पहाटे उठण्याला कुणी झोपमोड म्हणत नाही. म्हणून त्यांच्यापैकी एकीनंही मला आदल्या दिवशी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच कुणाच्या मनात आलं नाही. बैठकीत माझ्याही आलं नव्हतं.

सरकारी सुट्ट्यांच्या यादीत येळवस नव्हती. म्हणून मी दार उघडलं, जसं दर वर्षी उघडायची. अक्काही आल्या. आम्ही दोघींनी पांढऱ्या कपाटातलं सामान खाली काढून पुसायला घेतलं. अशी मोकळीक वर्षातून एकदाच मिळायची.

पाहणीच्या मॅडम नेमक्या तेव्हा आल्या. कोकणाकडच्या, बदलून नव्या आलेल्या. चप्पल दाराशी काढली, खोलीभर पाहिलं. कडीला बांधलेल्या रिकाम्या झोळ्या, जमिनीवर मांडलेलं सामान, आणि त्यामध्ये बसलेल्या आम्ही दोघी.

"मुलं कुठं आहेत?"

"शेतात," अक्का म्हणाल्या.

"शेतात? एवढीशी मुलं शेतात काय करतात?"

"आंबील पितात," अक्का म्हणाल्या, आणि मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मग मी नीट सांगितलं. येळवस काय असते, कोण कुठे गेलं आहे, उद्या सकाळी या, सगळी मुलं दाखवते. मॅडमनी ऐकून घेतलं. तुसडेपणा केला नाही, उलट थोडं वाईट वाटलेलं दिसलं. पण उद्या त्यांचा दुसरा तालुका होता. मोबाइलवर अॅप उघडून त्यांनी खोलीचे फोटो काढले. अॅपला फोटो लागतोच, त्याशिवाय ते पुढे जात नाही.

"मला इथं सण लिहायला जागाच नाही हो," त्या म्हणाल्या. "हजर किती, एवढंच विचारतंय."

त्यांचंही खरं होतं. मी चहा दिला, त्यांनी तो घेतला. जाताना म्हणाल्या, "मी वर बोलून बघते." बोलल्याही असतील.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं आली. कुणाच्या हातात हरभऱ्याचे डहाळे, कुणाच्या आईनं माझ्यासाठी डब्यात भज्जी आणलेली. मी दारातच पाहणीचं सांगितलं. मग एकेक बोलायला लागली.

"आवो, पन येळवस हुती की!"

"त्यास्नी कळत न्हाय व्हय? कुटल्या देशाच्या हायती त्या?"

ती अक्कलकोटची तिथं थांबली नाही. पोरीला अक्कांकडे दिलं आणि कामाच्या बसला गेली. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला रजा नव्हतीच बाई. मी जानारच नव्हती. सकाळच्याला दीर गाडी घिऊन आला, चल म्हनला, म्हनून गेले. मी नसते गेले तर माझी येकटी तरी दिसली असती फोटूत."

"एकटीनं काय झालं असतं?" मी म्हणाले.

"येक तरी हाय म्हनले असते की."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पत्र आलं. आमच्या केंद्राचं अनुदान बंद, कारण एका ओळीत: पाहणीत लाभार्थी आढळले नाहीत. मी त्याच आठवड्यात सात रस्ता चौकाकडच्या कार्यालयात गेले. हजेरीपत्रकं नेली, लसीकरणाची कार्डं नेली, आयांच्या कारखान्यांचे दाखले नेले, सगळं क्रमानं लावून. तिथल्या साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, बाई, तुमचं काम चोख आहे. पण वरून यादी आली आहे, माझ्या हातात नाही. पुढे मुंबईला अर्ज केले. पोच आल्या. उत्तर आलं नाही.

मंडळानं फी वाढवून पाहिली. ज्यांना झेपली त्या राहिल्या, बाकीच्या एकेक करून थांबल्या, आणि उरलेल्यांची फी खोलीच्या भाड्यालाही पुरेना. अक्कांनी मानधन नको म्हटलं. मी ते मान्य केलं नाही. फुकट राबवून घेऊन पाळणाघर चालतं, पण फार दिवस नाही. मग कोणी आजारी पडतं, एकटीचं लक्ष पुरत नाही आणि झोळीतून मूल पडतं. शेवटच्या दिवशी मी झोळ्या सोडल्या. लुगडी घड्या करून ज्याच्या त्याच्या आईच्या हातात दिली.

हिरव्या इरकलाची घडी हातात घेऊन ती उभी राहिली.

"आता?" मी विचारलं.

"काम सोडलं तर खोलीचं भाडं न्हाय. न्हाय सोडलं तर हिला कोन?" ती म्हणाली. मला उत्तर मागत नव्हती, कारण सगळी उत्तरं तिनं आधीच तपासली होती. शेजारणीकडे ठेवून पाहिलं होतं. शेजारीण विड्या वळते, पोरगी तंबाखूत हात घालायची. रात्रपाळी मागून पाहिली होती, मिळाली नव्हती. नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, आईकडं सोड.

रविवारी ती पोरीला गावाकडे सोडून आली.

त्यानंतर ती मला बाजारात, कधी बसस्टॉपवर दिसायची आणि न विचारता सांगायची. पहिल्यांदा सांगितलं, पोरगी रातभर रडली, सासू अंगणात घेऊन फिरत होती. मग सांगितलं, आता रडत नाही. मग एकदा सांगितलं, निघताना झोपलेली असली तरच निघते, जागी असली की मला सुटता येत नाही. पुढे पुढे सांगायची ते लहान होत गेलं. बरी हाय. शेरडामागं जाती. सासूला अव्वा म्हनती. कानडीत अव्वा म्हणजे आई. तुला काय म्हणते, असं मी विचारलं नाही. विचारू नये एवढं मला कळत होतं.

माझी स्वतःची दोन्ही मुलं माझ्या सासूबाईंनी वाढवली. पण त्याच घरात, त्याच छपराखाली. मी संध्याकाळी आले की मुलं त्यांच्या मांडीवरून उठून माझ्याकडे यायची. ते उठून येणं मी त्या वेळी मोजलं नव्हतं. मला वाटायचं, येतातच मुलं.

मध्ये दोन येळवशी गेल्या. मग आमच्याच भागातल्या अंगणवाडीला जोडून नवं पाळणाघर मंजूर झालं. पुन्हा सरकारचंच, नव्या नावाच्या योजनेतलं. दिवसभराचं, गरम जेवणासह, आयांना फी नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं. अंगणवाडीच्या ताईंनी मला बोलावून विचारलं, अनुभव आहे, येता का? मी हो म्हटलं, आणि अक्कांनाही घ्यावं लागेल असं सांगितलं. खोली रंगवून झाली. दोऱ्या मी स्वतः मंगळवार बाजारातून निवडून आणल्या.

पहिलं नाव कुणाचं घालायचं हे माझं ठरलेलं होतं. पोरगी तेव्हा साडेचारची असेल. मी संध्याकाळी तिच्या आईच्या खोलीवर गेले. ती नुकती कामावरून आली होती, केसांत टॉवेलचा कापूस तसाच.

"आण तिला," मी म्हणाले. "सोमवारपासून. फी नाही, जेवण तिथंच. सहा वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे, मग पलीकडची शाळा."

ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मग एकदम उठून तिनं कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि आत काय शोधायचं आहे ते विसरून तशीच उभी राहिली. "तुमीबी चला बाई," ती म्हणाली. "तुमी असला म्हंजे सासूला नीट सांगाल."

रविवारी आम्ही एसटीनं अक्कलकोटला गेलो, तिथून जीपनं गावाला. वाटेत ती सारखी बोलत होती. पोरीला निजायला भिंतीकडची बाजू द्यायची, डब्याला काय, शनिवारी सुट्टी कशी मागायची. इतकं बोलताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

मी मनात सासूशी भांडायची तयारी करून गेले होते. भांडायची वेळच आली नाही. म्हातारीनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "घिऊन जावा की. तिचीच पोर हाय. मी काय जन्माला पुरनार हाय व्हय?" आणि आत जाऊन पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली. एकेक झगा झटकून, घडी घालून. तिचे हात हळू चालत होते, पण थांबले नाहीत.

पोरगी शेरडं घेऊन आली. उन्हानं रापलेली, पायांत काटे मोडलेले, डोळे मात्र तेच. आईला पाहून हसली. आईनं आणलेली बिस्किटं घेतली. माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. ते अपेक्षितच होतं. मग तिला पिशवी दिसली.

"अव्वा, कुटं जायचंय?"

"आईसंगं सोलापूरला. शाळंत."

"तूबी?"

"मी कशी येऊ गं? शेरडं कोन बगंल?"

तिनं आकांत केला असता तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलाला कसं उचलायचं, कसं रमवायचं हे मला येतं, ते माझं काम आहे. ती रडली नाही. तिनं उरलेली बिस्किटं म्हातारीच्या हातात ठेवली आणि गोठ्यात जाऊन एका करडाला पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली. पाठ आमच्याकडे. खांदे वर ओढलेले. मोठ्या माणसाला कळलेलं असतं की जे होणार आहे ते आता होणारच, तेव्हा ते जसं बसतं, तशी.

तिची आई दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ. मग आत आली, पिशवी म्हातारीच्या हातातून घेतली, आणि कपडे परत फळीवर ठेवायला लागली.

"काय करतीस गं?" म्हातारी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे अव्वा."

"अगं, दोन दिस रडंल आन गप हुईल."

"व्हय," ती म्हणाली. "मागच्या टायमाला गपच झाली हुती की."

मी समजावलं. सांगणं माझं काम होतं आणि मी ते नीट केलं. मुलं रुळतात, मी शेकडो पाहिली आहेत, आईपाशी असणं शेवटी चांगलंच. यातलं काहीच खोटं नव्हतं. ती ऐकत होती, कपडे ठेवत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पन येकदा उपटून हितं लावली तिला. आता मूळ धरलंय तर पुन्यांदा माझ्या हातानं न्हाय उपटायची मी."

म्हातारी चुलीपाशी बसून राहिली. जिंकल्यासारखी दिसत नव्हती. तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पोरगी गोठ्यातून बाहेर आली ती पिशवी रिकामी पाहूनच. आईच्या ताटाशेजारी बसली, तिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली, तिच्या बांगड्या मोजल्या. आईनं तिचे काटे काढले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पाहुणी आलेली आवडती मावशी आहे.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे बसली. सोलापूर जवळ आल्यावर म्हणाली, "ती जागा मोकळी ठिवू नका. माझ्या संगं काम करनारी येक हाय, तिचं लेकरू दीड वर्साचं. ती सासरी धाडायच्या इचारात हाय. तिला मी सांगते उद्या. तुमी घ्या त्याला."

मी घेतलं. त्याची आई सोमवारीच त्याला घेऊन आली, लुगडं न धुता. मूल रडलं, मग रुळलं. अक्का गायल्या. सरकारची मदत चालू आहे, जेवण वेळेवर येतं, आणि येळवशीची सुट्टी आता स्थानिक सुट्टी म्हणून लिहून घेतली जाते, ते मी पहिल्याच बैठकीत करून घेतलं. काम चांगलं चाललं आहे, असंच कुणीही म्हणेल, आणि ते खरंच आहे.

चिंचोळीच्या कारखान्याची बस आमच्या दारासमोर थांबते. आया लेकरं आत देऊन तिथंच चढतात. ती अक्कलकोटची मात्र उलट मागच्या चौकापर्यंत चालत जाते आणि तिथून चढते. बस दाराशी येते तेव्हा ती मला खिडकीत दिसते. ती दुसऱ्या बाजूला बघत असते. मी हात करत नाही.